श्वेत कपिलेला तेरा वळू हवेत

मा. संपादक महोदय,

गोव्याच्या पांढऱ्या गावठी गाईला ‘श्वेत कपिला’ या नावाने देशातील जातींच्या यादीत जागा मिळाली, तिचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. एला, जुने गोवे येथील किनारी कृषी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांची मेहनत त्यामागे आहे. पण कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोची नोंद म्हणजे जात वेगळी असल्याचा दाखला. ती टिकेल याची हमी त्या दाखल्यात नाही. जात टिकते ती वळूंमुळे. किती वळू आहेत, ते एकमेकांचे कोण लागतात आणि प्रत्येकाचा वापर किती होतो, याची चर्चा गोव्यात जवळजवळ होतच नाही. पशुप्रजननाच्या कामात असलेले आम्ही काही जण त्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

ही गाय नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी असते, पापण्यांचे केससुद्धा पांढरे. बांधा लहान ते मध्यम, चेहरा सरळ, वशिंड बेताचे, दूध दिवसाला दोन-तीन लिटर. कोकण कपिला ही वेगळी जात असून तिची नोंदही वेगळी आहे. तिच्यात तांबूस, काळा असे अनेक रंग येतात. मोकळ्या चराईत दोन्ही जातींची गुरे एकत्र येतात, त्यांचा संकरही होतो. त्यामुळे पांढरा दिसला म्हणून पाडा वळूसाठी ठेवला, हे चालणार नाही. आईची नोंद हवी, बापाची हवी आणि शंका असेल तिथे रक्ताचा नमुना तपासायला हवा. देशी गाईंच्या जनुकीय तपासणीसाठी ‘गौ चिप’ ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते देशाला मिळाली आहे. वळू निवडताना तिचा उपयोग करून घ्यावा.

आता वळूंचा हिशेब. आनुवंशशास्त्रात कळपाची ‘परिणामी संख्या’ मोजतात, म्हणजे आनुवंशिक विविधतेच्या दृष्टीने कळप प्रत्यक्षात किती डोक्यांच्या बरोबरीचा आहे ते. सूत्र सोपे आहे: वळूंची संख्या गुणिले गाईंची संख्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. समजा, शुद्ध श्वेत कपिलेच्या ४०० गाई नोंदवहीत आहेत आणि त्यांच्यासाठी चार वळू वापरले. डोकी ४०४ भरतील, पण परिणामी संख्या येते फक्त १६. एक भागिले या संख्येची दुप्पट, म्हणजे दर पिढीला साधारण ३.२ टक्के सगोत्रता (जवळच्या नात्यातील प्रजनन) वाढते आणि पाच पिढ्यांत ती जवळपास १५ टक्क्यांपर्यंत जाते. सावत्र भावंडांच्या संबंधातून जन्मलेल्या वासराची सगोत्रता १२.५ टक्के असते. म्हणजे पाच पिढ्यांनंतर गोव्यातले सरासरी वासरू त्याहूनही वाईट स्थितीत जन्माला येईल. याचे परिणाम गोठ्यात लगेच ओळखू येत नाहीत. कालवड उशिरा माजावर येते, गाय पुन्हा पुन्हा उलटते (गाभण न राहता परत माजावर येते), वासरे अशक्त निघतात आणि पहिल्या पावसात जास्त मरतात. मालक दोष देतो तो चाऱ्याला किंवा डॉक्टरला.

परिणामी संख्या ५० च्या खाली जाऊ नये, हा जगभर मानला गेलेला किमान निकष आहे. ४०० गाईंसाठी ५० गाठायचे तर १३ वळू लागतात. आणि तेरा असले म्हणूनही काम झाले असे नाही. तेरांपैकी एकच वळू लोकांना आवडला आणि त्याच्याच कांड्या (गोठवलेल्या रेताच्या बारीक नळ्या) ७० टक्के कृत्रिम रेतनात गेल्या, बाकीचे बारा उरलेल्या ३० टक्क्यांत वाटले गेले, तर हिशेबाने ते तेरा वळू दोन वळूंच्या बरोबरीचे ठरतात. परिणामी संख्या आठ. रेतन केंद्रावर एकच कांडी हाताशी असते, तीच सगळ्यांना दिली जाते आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. दूध वाढवण्याच्या कार्यक्रमात सर्वांत चांगल्या वळूचा जास्तीत जास्त वापर करणे बरोबर असते. लहान जात वाचवताना तेच घातक ठरते, म्हणून इथे प्रत्येक वळूला जवळपास समान वाटा द्यावा लागतो.

हे तेरा वळू येणार कुठून? पॉवर टिलर आल्यापासून शेतकऱ्याला बैलाची गरज उरली नाही, त्यामुळे नर वासराला तीन वर्षे खाऊ घालायचे कारणही उरले नाही. ते मोकाट सुटते किंवा विकले जाते. निवडलेल्या गाईच्या पाड्याला सहा महिन्यांच्या वयातच किंमत देऊन घ्यावे किंवा मालकाकडेच ठेवून त्याच्या चाऱ्याचा खर्च द्यावा, याशिवाय दुसरा मार्ग आम्हाला दिसत नाही. निवड करताना आईचे दूध महिन्यातून एकदा, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मोजलेले असावे. पाड्याच्या वृषणांचा घेर आणि पायांची ठेवण पाहावी. एका बापाचे दोन पाडे घेऊ नयेत. मग किमान दोन महिने वेगळे ठेवून क्षय, जोन्स, ब्रुसेलोसिस, कॅम्पायलोबॅक्टर आणि ट्रायकोमोनास यांच्या तपासण्या कराव्यात. यातली एकही टाळली तर एका वळूमुळे शंभर गोठ्यांत गर्भपात पोहोचू शकतात.

रेत गोळा करण्याचे आणि गोठवण्याचे तंत्र देशात पक्के बसलेले आहे. कृत्रिम योनीत ४२ ते ४५ अंश सेल्सिअस तापमान, अंड्याचा बलक आणि सहा-सात टक्के ग्लिसरॉल असलेले विरलक (रेत पातळ करणारे द्रावण), चार अंशांवर सुमारे चार तास ठेवून मग गोठवण. ग्लिसरॉल शुक्राणूंना गोठताना वाचवते, हे १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी दाखवले आणि आजचे सगळे रेतन त्यावर उभे आहे. एका वेळच्या चार मिलिलिटर रेतात दर मिलिलिटरला ८० कोटी शुक्राणू धरले तर एकूण ३२० कोटी होतात. एका कांडीत दोन कोटी, म्हणजे १६० कांड्या. वितळल्यावर निम्मे शुक्राणू तरी पुढे धावताना दिसायला हवेत, नाहीतर ती तुकडी फेकून द्यायची. जात नवी आणि रेत कमी म्हणून इथे सवलत देण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. थोडक्यात, काही महिन्यांत एका वळूच्या हजारभर कांड्या साठवता येतात. अडचण तंत्राची नाही.

अडचण सुरू होते नायट्रोजनच्या भांड्यापासून गाईपर्यंतच्या वाटेत. भांड्यात उणे १९६ अंश असतात आणि गोव्यात भांड्याबाहेर मे महिन्यात ३३. कांडी शोधण्यासाठी डबा भांड्याच्या तोंडापर्यंत वर ओढून दहा-पंधरा सेकंद धरला की वरच्या कांड्यांतले तापमान चढते. पुन्हा खाली सोडल्यावर बारीक बर्फकण मोठे होतात आणि शुक्राणूंचे पडदे फाटतात. बाहेरून कांडी अगदी आधीसारखीच दिसते. म्हणून डबा तोंडाखालच्या दवाच्या रेषेच्या वर आणायचाच नाही, चिमट्याने कांडी उचलायची आणि ३७ अंशांच्या पाण्यात किमान ३० सेकंद सोडायची. पाण्यात थर्मामीटर हवाच. बोटाने अंदाज घेऊन किंवा कांडी खिशात धरून वितळवणे बंद व्हावे. बाहेर काढल्यावर कोरडी पुसायची, कारण पाण्याचा एक थेंब रेतात गेला तरी शुक्राणू फुगून मरतात. टोक सरळ कापायचे. तिरपे कापले तर रेत आवरणात मागे गळते आणि अर्धी मात्राच आत जाते. श्वेत कपिलेची चण लहान, गर्भाशयमुखही अरुंद. त्यामुळे मोठ्या संकरित गाईंवर हात बसलेला माणूस घाईत नळी मुखातच रिकामी करतो किंवा गर्भाशयाच्या एकाच शिंगात (फाट्यात) खोल जातो. रेत पडायला हवे ते मुख ओलांडल्याबरोबर, गर्भाशयाच्या शरीरात.

वेळेचेही तसेच. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन, हा नियम नेब्रास्का विद्यापीठातल्या ट्रिम्बर्गर यांच्या १९४० च्या दशकातील कामातून आला. माज संपल्यावर दहा-बारा तासांनी स्त्रीबीज सुटते आणि काही तासच टिकते, शुक्राणू दिवसभर टिकतात, पण त्यांना तयार व्हायला सहा तास लागतात. म्हणून ते आधी पोहोचलेले असावेत. गावठी गाईचा माज संकरित गाईपेक्षा आखूड असतो आणि बऱ्याचदा रात्रीच येऊन जातो. पहाटे आणि दिवेलागणीनंतर वीस-वीस मिनिटे गोठ्यात उभे राहून पाहिल्याशिवाय तो कळत नाही. सोट (माजाचा चिकट स्राव) तुटक आणि थोडा, हंबरणे कमी. रेतनाची सेवा फक्त सकाळी मिळाली आणि रविवारी बंद राहिली, तर सकाळी माजावर दिसलेली गाय त्या संध्याकाळी रेतनाविना राहते. २१ दिवस वाया जातात, आणि मोकाट वळू मात्र वाट पाहत नाही. सरदीचे (पावसाळी) भात कापल्यावर गुरे मळ्यात सुटतात, त्या दोन-तीन महिन्यांत नोंदवहीतल्या गाईंना वेगळे चारणे हा खर्चाचा भाग आहे आणि तो मालकाच्या माथी मारता येणार नाही.

राज्याच्या कामधेनू योजनेचा हेतू दूध वाढवण्याचा आहे, तो आम्हाला मान्य आहे. संकरित गाय ठेवणारा शेतकरी चुकत नाही. पण ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता घेतली तर तापमान-आर्द्रता निर्देशांक ८६ येतो आणि संकरित दुभत्या गाईला ७२ पासूनच त्रास सुरू होतो. तिचे गर्भ पहिल्या तीन दिवसांतच उष्णतेने मरतात, हे फ्लोरिडा विद्यापीठाने वर्षानुवर्षे केलेल्या कामातून स्पष्ट झाले आहे. तिथले शास्त्रज्ञ सेनेपोल जातीचा तोकड्या केसांचा गुण होल्स्टीन या विदेशी दुधाळ जातीत आणत आहेत. उष्णता सोसणारे गुण आपल्या गावठी गाईत आधीच आहेत, आणि त्यांचा अभ्यास करायचा तर आधी ती शुद्ध स्वरूपात उरली पाहिजे. गाय आयुष्यात पाच-सहा वेळा व्याली तर तिला दोन-तीन पाड्या (मादी वासरे) होतात, त्यातली एखादी दगावते. तिच्या निम्म्या वेतांना होल्स्टीनची कांडी वापरली तर शुद्ध कळपात तिची जागा घ्यायला एक पाडीही खात्रीने मिळत नाही. एकदा झालेला संकर मागे फिरवायचा तर ५० टक्क्यांवरून ७५, ८७.५, ९३.७५ टक्के अशा तीन पिढ्या श्वेत कपिलेचेच वळू लागतात. म्हणजे पुन्हा वळूच.

लिंगनिर्धारित कांड्यांबद्दलही सावध राहावे. त्यांतून सुमारे ९० टक्के माद्या होतात, पण शुक्राणू साधारण दहापट कमी असल्याने गर्भधारणा घटते, आणि मुख्य म्हणजे पुढचे वळू निवडायला पाडेच उरत नाहीत. श्वेत कपिलेच्या नोंदवहीतल्या उत्तम गाईंना साधीच कांडी द्यावी.

संशोधनाच्या रचनेतही एक मूळची विसंगती आहे. प्रकल्पाला मंजुरी मिळते साधारण तीन वर्षांची. रेतनापासून वासरू जन्मायला साडेनऊ महिने आणि ती पाडी पहिल्यांदा व्यायला चार वर्षे. वळू चांगला होता की नाही हे त्याच्या मुलींच्या दुधावरून कळण्याआधीच प्रकल्पाचा अहवाल सादर होऊन कर्मचारी पांगलेले असतात. प्रबंध तयार होतात, रक्ताचे नमुने शीतपेटीत राहतात, पण कळप पुढे सरकत नाही. जातीची नोंदवही प्रकल्पात नव्हे, खात्याच्या कायम अंदाजपत्रकात हवी. अगोंद गोवन या गोव्याच्याच जातीच्या डुकराचीही हीच गत होऊ शकते. तिथे तर पिढी वर्ष-दीड वर्षाचीच असते, म्हणजे चूक चौपट वेगाने साचते.

आमची मागणी नेमकी आहे. नोंदवहीतल्या प्रत्येक गाईच्या कानातल्या बारा अंकी बिल्ल्याशी रेतनाची तारीख आणि वळूचा क्रमांक जोडावा. वासरालाही महिन्याच्या आत बिल्ला मारावा. गावांचे चार गट करून वळूंचे रेत दर दोन वर्षांनी पुढच्या गटात न्यावे, म्हणजे मुलगी माजावर येण्याआधी बाप त्या गावातून हललेला असेल. प्रत्येक वळूच्या काही कांड्या कर्नालला राखीव पाठवाव्यात. आणि दरवर्षी एप्रिलमध्ये कोणत्या वळूच्या किती कांड्या कोणत्या तालुक्यात वापरल्या, याचा तक्ता आपल्यासारख्या दैनिकांतून जाहीर करावा. तेरा वळू म्हणजे तेरा ओळी.

आपले,
पशुप्रजनन क्षेत्रातील काही पशुवैद्यक व संशोधक
फोंडा, गोवा