दिवाणजी काका, कंदील सोडला होता

ती. दिवाणजी काकांना,
सा. न. वि. वि.

पत्र तुमच्या नावानं असलं तरी वाचणार वहिनी आहेत, हे मला माहीत आहे. वहिनी, तुमच्याबद्दलचं पुढं आलंय, ते गाळून वाचू नका.

पेढे ठेवले, पाया पडले, तेवढ्यावर भागलं असतं. पण सॉफ्टवेअरच्या नोकरीची ऑफर आल्यापासून दहा-बारा जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय : "क्लास कुठला लावलास?" पुण्यातला का ऑनलाईन, फी किती, नोट्स देशील का. मी सांगते, हरिपूरला, एका ओट्यावर. त्यांना वाटतं मी लपवतेय. म्हणून म्हटलं, एकदा सगळ्यांसमोर लिहूनच टाकावं.

आधी माझी फजिती. ती तुम्हाला मी अर्धीच सांगितली होती. पहिल्या मुलाखतीत "प्रश्न लई अवघड आला" असं म्हणाले होते ना? अवघड नव्हता. मीटिंगांच्या सुरू व्हायच्या आणि संपायच्या वेळा दिल्या होत्या, कमीत कमी किती खोल्या लागतील ते काढायचं. घरी मी तो दोनदा सोडवला होता. पंचेचाळीस मिनिटं, समोर कोरं डॉक्युमेंट, कोड चालवून बघायची सोय नाही. मी प्रश्न वाचला, मान खाली घातली आणि टाईप करायला लागले. वीस मिनिटं तोंडातून शब्द नाही. समोरच्या बाईंनी दोनदा विचारलं, काय विचार चाललाय सांगाल का? दोन्ही वेळा मी "एक मिनिट" म्हणाले. शेवटी उत्तर बरोबर आलं, पण तीन मिनिटं उरली होती आणि मी तिथवर कशी पोचले हे त्यांना काहीच कळलं नव्हतं. आठवड्याभरात नकार आला. परत अर्ज वर्षानंतर करा म्हणाले. पप्पा काही बोलले नाहीत, फक्त त्या दिवशी तोलाईवरून येताना भडंगाचा पुडा घेऊन आले.

पुढच्याच महिन्यात तुमचे डोळ्याचे थेंब मिरजेहून आणून द्यायचं काम माझ्याकडं आलं. तुम्ही विचारलंत, "रात्री दोनपर्यंत दिवा असतो तुझ्या खोलीत, एवढं काय शिकतीस?" मी कौतुकानं लॅपटॉप तुमच्याकडं फिरवला. तुम्ही म्हणालात, "काचबिंदूनं एक डोळा नेला, दुसऱ्याला मधलं तेवढं दिसतंय. मला काय दाखवतीस? तोंडानं सांग की."

सगळा क्लास एवढाच. बाकीचा तपशील.

त्या संध्याकाळचा प्रश्न सगळ्यात सोपा होता : आकड्यांची यादी आहे, त्यातले कुठले दोन मिळवले की ठरलेली बेरीज येते? मी ऐटीत म्हणाले, हॅश मॅप लावायचा. तुम्ही म्हणालात, "का?" मी म्हणाले, फास्ट असतो. "का?" मला पुढं काही येईना. हजारदा लिहिलेली गोष्ट, आणि का ते सांगता येईना. मग तुम्हीच पावत्यांवर आणलंत. प्रत्येक पावतीला बाकीच्या सगळ्या पावत्या लावून बघायच्या, तर दहा हजार पावत्यांच्या जोड्या होतात ४,९९,९५,०००. त्यापेक्षा आलेली प्रत्येक रक्कम तिच्या तिच्या खणात टाकत जायची, हाच तो हॅश मॅप. नवीन आली की तिचा जोडीदार त्याच्या खणात आधीच येऊन बसलाय का, एवढंच बघायचं. दहा हजार वेळा डोकवायचं, काम संपलं. जागा जास्त लागते, वेळ वाचतो. हे तुम्ही मला सांगितलंत का मी तुम्हाला, ते आता आठवत नाही.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मी परत गप्प झाले. कागदावर काहीतरी खरडत बसले. तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुझा रुमालाखालचा सौदा चाललाय." मला ते काय ते माहीत नव्हतं. तुमच्या वडिलांच्या काळची गोष्ट. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटं दाबायचे, भाव ठरायचा, आणि ज्याची हळद तो शेतकरी शेजारी उभा राहून दोघांच्या तोंडाकडं बघायचा. भाव चांगलाही मिळाला असेल, पण त्याला कळणार कसा? पुढं उघड लिलाव आले, भाव पुकारायला लागले. "तूही पुकार," तुम्ही म्हणालात. "चुकला तरी पुकार. चुकलेला भाव दुरुस्त होतो, न ऐकलेला कसा होईल?"

मला त्या मुलाखतीच्या बाईंचा चेहरा आठवला. रुमालाकडं बघत पंचेचाळीस मिनिटं बसल्या होत्या बिचाऱ्या.

त्यानंतर मी पुकारायला लागले. आधी प्रश्न माझ्या शब्दांत परत सांगायचा. मग, "यादी क्रमानं लावलेली आहे का? आकडे उणे असू शकतात का? यादी किती मोठी?" असं विचारून घ्यायचं. मग आधी ढोबळ रीत, ती किती वेळ खाईल ते, आणि नंतर सुधारलेली. तोवर लिहायला हातच लावायचा नाही. यूट्यूबवरही सगळे हेच सांगतात, मी ते शंभरदा ऐकलं होतं. पण यूट्यूबवाला मधेच थांबवून "आगं पण का?" विचारत नाही, आणि कंटाळा आला म्हणून सुपारी कातरत बसत नाही. तुम्ही सुपारी कातरायला घेतलीत की मी समजायचे, माझं सांगणं भरकटलंय.

आणि हे मराठीत केलं, त्याचा फायदा मला उशिरा कळला. मुलाखत इंग्रजीत असते म्हणून सगळे आधी इंग्रजीच्या मागं लागतात. मला वाटतं हे उलटं आहे. माझं इंग्रजी अडत नव्हतं, माझा विचारच अर्धा होता आणि इंग्रजीत ते झाकून जात होतं. तुमच्यापुढं झाकायला जागा नव्हती.

आता पेवाचं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्याचं.

हरिपुरात वाढूनही मी पेव कधी उघडताना बघितलं नाही. हळदीची पेवं आमच्या लहानपणापासून म्हणजे नुसती बोलायची गोष्ट. २००५ च्या पुरात कितीतरी पेवांत पाणी शिरलं, आणि २०१८ ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तोवर त्यातली बरीचशी मातीखाली गेली होती. मी तुम्हाला स्टॅक समजावत होते, प्रोग्रॅममध्ये गोष्टी साठवायची एक रीत. जे शेवटी ठेवलं ते आधी बाहेर येतं, एकावर एक ताटं ठेवल्यासारखं. तुम्ही म्हणालात, म्हणजे पेव. तोंड माणूस उतरेल एवढंच, खाली पोट मोठं, भरायचंही वरून आणि काढायचंही वरूनच. मी खूष झाले. कंस बरोबर मिटलेत का ते तपासायचा प्रश्न पेवावर बसवून सांगितला : उघडा कंस आला की पेवात टाक, मिटणारा आला की वरचा काढ आणि जोडी जुळते का बघ.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "पेव उघडलं की लगेच माणूस उतरवतीस?"

मला वाटलं विषय बदलला. पण तुम्ही सांगत गेलात. बंद पेवात हवा मेलेली असते. तोंड उघडून ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. "तू वरचा काढ म्हणालीस. आत काही नसलंच तर?"

माझ्या कोडमध्ये नेमकी तीच चूक होती. पहिलाच कंस मिटणारा आला तर रिकाम्या स्टॅकमधून काढायला जायचं आणि प्रोग्रॅम कोसळायचा. तुम्हाला त्यातली एक ओळ दिसत नव्हती, काका.

त्या दिवसापासून प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी तुमचं ठरलेलं : "कंदील सोडलास का?" रिकामी यादी देऊन बघितलीस? एकच आकडा? सगळे सारखेच? मी वहीत प्रत्येक उत्तराखाली समासात "कं" लिहून त्यावर खूण करायला लागले. वही माझ्याकडं आहे, दीडशेच्या वर "कं" आहेत. पहिल्या चाळीस प्रश्नांत कंदील जवळजवळ दर दुसऱ्या वेळी विझलाय.

फक्त एकदा मी तुम्हाला गप्प केलं. क्रमानं लावलेल्या दहा लाख नोंदींत हवी ती नोंद वीस वेळा बघून सापडते, दर वेळी मधोमध उघडायचं आणि अर्धी वही सोडून द्यायची. हे तुम्हाला पटलं होतं. पण मधल्या पानाचा आकडा काढताना पहिला आणि शेवटचा मिळवून निम्मा केला तर कधीतरी घात होतो, कारण ३२ बिटांच्या खणात २,१४,७४,८३,६४७ च्या वर आकडा मावतच नाही, बेरीज उणे होऊन बसते. हीच चूक जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या साठ्यात, वर्षानुवर्षं होती, आणि २००६ मध्ये तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच ती जाहीर लिहून सांगितली. उपाय असा की दोन्हींतला फरक काढायचा, तो निम्मा करायचा आणि पहिल्यात मिळवायचा. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "म्हणजे रकाना संपला. आणि कुणाचं लक्षच नाही." त्यावर तुम्ही तुमचा ताळेबंद न जुळण्याचा इलाज सांगितलात : फरकाला ९ नं पूर्ण भाग गेला तर शेजारचे दोन आकडे उलटसुलट पडलेत का बघ, २ नं गेला तर तेवढी निम्मी रक्कम नावेची जमेला पडलीय का शोध. चूक शोधायच्या आधी फरकाकडं नीट बघायचं. कोड चुकला की मी पहिल्या ओळीपासून वाचत बसायचे, ते तेव्हा सुटलं.

वागणुकीच्या फेरीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथं तुम्ही मला रडवलंत. कामातला कठीण प्रसंग सांगायचा असतो : परिस्थिती काय, तुमच्यावर काय होतं, काय केलंत, निष्पन्न काय झालं. मी पुण्याच्या कंपनीतला किस्सा सांगितला. "आम्ही केलं, आम्ही ठरवलं." तुम्ही म्हणालात, "आम्ही म्हंजे कोण? हमाल, तोलाईवाला, अडत्या, का तू? वहीत सही कुणाची?" मी चिडून निघून गेले. घरी बसून त्या किश्शात माझं नेमकं काय होतं ते लिहिलं, तर अडीच ओळी झाल्या. त्याच अडीच ओळी पुढं कामाला आल्या. (अ‍ॅमेझॉनसारख्या कंपनीची तर अशी १६ तत्त्वं छापील आहेत, त्यावरच प्रश्न येतात. तुम्ही एका वाक्यात भागवलंत.)

मुलाखतीचा दिवस. आमच्या गल्लीत सकाळपासून लाईट नव्हती, म्हणून तुमच्या आतल्या खोलीत, तुमच्या इन्व्हर्टरवर बसले. चारपैकी दोन फेऱ्या त्या दिवशी होत्या. वहिनी, तुम्ही साडेबारा वाजेपर्यंत कुकर लावला नाहीत, शिट्टी ऐकू जाईल म्हणून. काकांना त्या दिवशी जेवायला दीड वाजला आणि ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, हे मला संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या फेरीत प्रश्न आला : बरीच कामं आहेत, काही कामं दुसऱ्या कामांआधी झालीच पाहिजेत, तर क्रम लावा. मी पुकारत गेले. ज्या कामाला कुणाची वाट बघायची नाही ते रांगेत घ्यायचं, झालं की त्याच्यावर अडलेल्यांचा एकेक अडसर कमी करायचा, शून्य झाला की तेही रांगेत. मधे एका ठिकाणी गाडी अडली. गेल्या वेळी मी तिथं गप्प झाले असते. या वेळी म्हणाले, मी इथं अडकलेय, मला दोन वाटा दिसतायत, दुसरीबद्दल खात्री नाही. त्यांनी एक शब्द सुचवला, तेवढा पुरला.

लिहून झालं आणि सवयीनं मी कोडखाली टाईप केलं, "कं". समोरचे गृहस्थ हैदराबादचे. त्यांनी विचारलं, हे काय? माझी त्रेधा उडाली. इंग्रजीत कसंबसं सांगितलं की हळदीच्या खड्ड्यात उतरायच्या आधी आमच्याकडं दिवा सोडतात. ते हसले, म्हणाले, मग सोडा. सोडला. रिकामी यादी ठीक होती. एकच काम ठीक होतं. मग दिसलं की अ ला ब हवंय आणि ब ला अ, तर रांग रिकामीच राहील आणि माझा कोड अर्धवट क्रम छातीठोकपणे परत देईल. शेवटी पूर्ण झालेली कामं मोजून एकूण कामांशी ताडून बघायची एक ओळ घातली. सहा मिनिटं शिल्लक होती.

तर काका, आभार. तुमच्यामुळं नोकरी लागली असं मी म्हणणार नाही, तुम्हालाही ते आवडणार नाही. प्रश्न मीच सोडवले, जागरणं माझी होती. पण पहिल्या वेळीही ती माझीच होती.

एक राहिलं. पेव म्हणजे स्टॅक, यावर तुम्ही परवा शंका काढलीत. वरून काढताना बाजूची हळद ढासळते, तळातलं हळकुंड मधेच वर येतं, मग शेवटचं आधी हा नियम कुठं राहिला? मी घरी जाऊन विचार केला. तुमचं बरोबर आहे, उदाहरण माझं कच्चं होतं. बंगळूरला जायच्या आधी शनिवारी थेंब घेऊन येतेय, तेव्हा दुसरं आणते. पगाराचा आकडाही तेव्हाच कानात सांगेन, चौकात सांगत सुटू नका.

वहिनी, कुकर खुशाल लावा.

तुमची,
तोलाईवाल्यांची थोरली