टेलपीस चार मिलिमीटर वर घेणाऱ्या काकांना

प्रिय काका,

जूनमधल्या त्या शनिवारी भिजत तुमच्या दुकानात आले, तेव्हा खुंट्या बदलायच्या हे मी ठरवूनच आले होते. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल मॉडेलच्या घाटाची ही इलेक्ट्रिक गिटार मी पहिल्या पगारातून घेतली. पण तिची तिसरी तार, म्हणजे 'जी' (G) सुराची, एका गाण्यापुरतीही सुरात राहत नव्हती. ओढून सोडली की सूर हललेलाच. वर मोकळी वाजवली की झणझण. आधी जिथे दाखवली तिथे नव्या खुंट्यांचा खर्च सांगितला होता.

तुम्ही खुंट्यांकडे वळलाही नाहीत. गिटार डोळ्यांसमोर आडवी धरलीत आणि म्हणालात, "इथं बघ, तार ब्रिजच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, मागच्या कडेला घासतेय."

टेलपीस, म्हणजे ब्रिजमागे तारांची टोकं अडकवायचा भाग, खाली कसला की आवाज जास्त टिकतो, असं ऐकून मीच तो पार तळाला नेला होता. त्यामुळे तारेचा उतार फार तीव्र झाला होता. ओढलेली तार त्या कडेवर अडकायची, जागेवर परत येत नव्हती. शिवाय इतक्या दाबाखाली ब्रिज वर्षानुवर्षांत मधोमध खचतो, हेही तेव्हाच कळलं. तारा सैल करून दोन्ही बाजूंचे स्क्रू तुम्ही मलाच फिरवायला लावलेत, तार आणि कड यांच्यामधून कागदाचा कपटा मोकळा जाईपर्यंत. चारेक मिलिमीटर. "आणखी वर नको, तार सॅडलमधून, म्हणजे ब्रिजवरच्या तिच्या छोट्या टेकूवरून, निसटेल."

ताण कमी होईल का, असं मी विचारलं. तो सुरावर आणि तारेच्या जाडी-लांबीवर ठरतो, बोटाला मात्र थोडं मऊ लागेल, असं तुम्ही सांगितलंत. आवाज सुधारेल असं आश्वासन दिलं नाहीत. त्या प्रामाणिकपणासाठी मी तुमची फार ऋणी आहे.

झणझण मात्र वेगळीच निघाली. जीच्या सॅडलची खाच झिजून रुंद, सपाट झाली होती. "घरी तानपुरा आहे का?" तुम्ही विचारलंत. आहे, आईचा, मिरजेचा. तिथे तार घोडीच्या रुंद पाठीला हलकेच स्पर्शत राहते, म्हणून जवारी, ती गुंजणारी झणझण, निघते. गिटारीत तार एका धारेवरून सुटायला हवी. लहानपणापासून आईला तारेखालचा दोरा सरकवताना पाहिलंय, पण ती आणि ही गोष्ट मी कधी जोडली नव्हती. बारीक कानशीचे सात-आठ हात, आणि तार स्वच्छ बोलली.

मग मानेचा बाक, तारांची उंची आणि शेवटी इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागणं), याच क्रमाने. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) दाबलेला सूर, तिथेच तार नुसती स्पर्शून काढलेल्या हार्मोनिकपेक्षा चढा आला, तर सॅडल मागे, टेलपीसकडे. प्रत्येक तारेची लांबी अशी वेगळी जुळवता यावी म्हणून गिब्सनने १९५४ मध्ये लेस पॉल कस्टमवर हा ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज दिला, हे तुम्ही इतक्या कौतुकाने सांगितलंत की मी घरी येऊन सहाही सॅडल पुन्हा तपासले. नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचांत पेन्सिलीचं शिसंही घासलं.

आता ऑगस्ट संपत आला. हवेत इतका दमटपणा असूनही 'जी' तार सुरात टिकून आहे. त्या दिवशी तुम्ही फक्त तारांचे पैसे घेतलेत, दोन तासांचे नाही. काका, मनापासून आभार. पुढच्या शनिवारी नव्या तारा घ्यायला येते, आईलाही आणते. तानपुऱ्याची घोडी तुम्हाला दाखवायची, असं तिने परस्पर ठरवून टाकलंय.

तुमची,
जी तारवाली मुलगी