जूनचा बेत बदललाय, त्याबद्दल

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे नीट सांगता येणार नाही. बाबा ‘बरं बरं’ म्हणून फोन आईकडे देतात आणि आई, तू लगेच ‘जेवलीस का’वर येतेस. म्हणून लिहितेय.

आधीच सांगून टाकते. या जूनमध्ये आम्ही कायमचे परत येत नाही आहोत. अद्वैतची बारावी होईपर्यंत, म्हणजे अजून चार वर्षं, इथेच राहायचं ठरलंय. समीरने पुण्याच्या कंपनीला तसं कळवलंसुद्धा. वरच्या खोलीला रंग देऊन झालाय हे मला माहीत आहे, त्याबद्दल आत्ता काही बोलू नका, मला रडू येतं. तो रंग वाया जाणार नाही. शाळा सुटली की मी आणि अद्वैत येतोय आणि त्याची सगळी सुट्टी तिथेच काढणार आहोत. मी तिथून काम करेन, ऑफिसने हो म्हटलंय.

बाबा, तुम्ही पहिला प्रश्न शाळेचा विचाराल, म्हणून तिथूनच सुरू करते. शाळेचं नाव ॲडलाय स्टीव्हन्सन हायस्कूल. शिकागोच्या उत्तरेला लिंकनशायर नावाचं उपनगर आहे, तिथे. आपल्याकडे हायस्कूल पाचवीपासून दहावीपर्यंत, इथे नववी ते बारावी. हे स्टीव्हन्सन इलिनॉयचे, म्हणजे आमच्या राज्याचे, गव्हर्नर होते आणि १९५२ आणि १९५६ अशा दोन्ही वेळा अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आयझेनहॉवरसमोर हरले. क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून १९६२ साली युनोत रशियाच्या प्रतिनिधीला जाहीरपणे जाब विचारणारे ते हेच. १९६५च्या जुलैत ते गेले आणि त्याच वर्षी ही शाळा उघडली. दोनदा हरलेल्या माणसाचं नाव शाळेला दिलंय हे तुम्हाला आवडेल असं मला वाटलं.

शाळा सरकारी आहे. फी म्हणून जी आपल्याकडे भरतात तशी नाही. किरकोळ शुल्कं असतात, पण मुख्य खर्च घरपट्टीतून चालतो, आणि इलिनॉयची घरपट्टी अख्ख्या देशात जड म्हणून प्रसिद्ध आहे. कुठल्या शाळेत जायचं ते घराच्या पत्त्यावर ठरतं. म्हणून तर आम्ही बफलो ग्रोव्हचं हे लहान घर घेतलं. आई, तू आलीस तेव्हा ‘एवढ्या पैशात एवढंसं स्वयंपाकघर’ म्हणाली होतीस, ते ह्या शाळेपायी. आता तुम्ही म्हणाल, मग ज्या वस्तीत घरं स्वस्त तिथल्या पोरांनी काय करायचं? बरोबर आहे तुमचं. २०१७ साली राज्याने कायदा करून गरीब भागांतल्या शाळांकडे जास्त पैसा वळवायला सुरुवात केली, पण दरी अजून आहेच आणि आम्ही तिच्या सोयीच्या काठावर उभे आहोत. ह्यावर आपण जूनमध्ये भांडू.

साडेचार हजारांच्या आसपास मुलं आहेत. आई, घाबरू नकोस, हरवत नाहीत. नववीतल्या नव्या मुलांना वरच्या वर्गातली मुलं सोबत म्हणून जोडून देतात. गणवेश नाही. पिवळी बस घराच्या कोपऱ्यावर येते. डबा मी देणारच आहे, पोळीचा रोलच नेतो तो, तुझ्या पद्धतीने आत तूप-मेतकूट लावून. एपी म्हणून कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे विषय असतात, मे महिन्यात त्यांची परीक्षा होते आणि १ ते ५ असे गुण मिळतात. आमच्या ओळखीतल्या मराठी घरांत चहाला बसलं की मुलाने किती एपी घेतले हाच विषय. मी उठून कपबशा विसळायला जाते. २०१५ साली ह्या शाळेने बास्केटबॉलमध्ये राज्याचं अजिंक्यपद मिळवलं, तेव्हाचा त्यांचा जेलन ब्रन्सन आता न्यूयॉर्ककडून खेळतो. हे मला अद्वैतने तीनतीनदा ऐकवलंय, तुम्हालाही ऐकवेल, तेव्हा माहीत नाही असं दाखवा.

पण ह्यातल्या कशासाठीच आम्ही थांबत नाही आहोत. एपी नसते आणि बास्केटबॉल नसता तरी थांबलोच असतो.

बाबा, अद्वैतच्या वाचनाबद्दल तुम्ही म्हणता, ‘लक्ष नाही, माझ्यासमोर बसव, महिन्यात येईल.’ मी तुमच्यासमोर बसूनच शिकले. रात्री तुम्ही पेपर तपासायचात आणि गुणांच्या बेरजा माझ्याकडे द्यायचात, मी लाल पेन्सिल कानावर ठेवून तुमच्यासारखीच ‘हं’ म्हणायचे आणि आई दोघांना दूध आणून द्यायची. त्या टेबलाशी अद्वैतला बसवायची माझी किती इच्छा होती, काय सांगू. पण त्याला डिस्लेक्सिया आहे. आम्ही आत्तापर्यंत ‘जरा मागे आहे’ म्हणत आलो, कारण तुम्हाला काळजी नको. तो हुशार आहे, तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. ऐकून त्याला सगळं येतं. अक्षरं त्याच्यासमोर सरळ उभी राहत नाहीत, एवढंच. त्यात तुमचा, आमचा, जास्त मोबाइलचा किंवा मी गरोदरपणी घेतलेल्या कुठल्या गोळीचा दोष नाही. आई, हे शेवटचं तुझ्यासाठी लिहिलंय. शोधत बसू नकोस.

तुमच्या वर्गातला तो मुलगा आठवतो? लेखी पेपर कोरा ठेवायचा आणि तुम्ही व्हरांड्यात उभं करून तोंडी विचारलं की भूमितीतलं सगळं धडाधड सांगायचा. त्याला वरच्या वर्गात घालण्यासाठी तुम्ही हेडमास्तरांशी किती भांडलात. आईने तेव्हा तुम्हाला ‘नोकरी घालवाल’ म्हटलं होतं. बाबा, इथे तेच कायद्याने करतात. १९७५ साली अमेरिकेने कायदा केला, की अपंगत्व किंवा शिकण्यातली अक्षमता असलेल्या मुलाला सरकारी शाळेने त्याला लागेल तसं शिक्षण फुकट दिलंच पाहिजे. प्रत्येक मुलाचा वेगळा लेखी आराखडा होतो, त्याला सगळे आयईपी म्हणतात. वर्षातून निदान एकदा बैठक, आणि त्या टेबलाशी शिक्षकांच्या बरोबरीने आई-वडील बसतात. अद्वैतच्या आराखड्यात लिहिलंय: परीक्षेला जास्त वेळ, पुस्तकं ऐकायची सोय, हाताने लिहिण्याऐवजी टाइप करायची मुभा, आणि वर्गात सगळ्यांपुढे अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावायचं नाही. ह्या शेवटच्या ओळीला तो बैठकीतच म्हणाला, ‘थँक यू.’ तेवढं एकच बोलला. साडेचौदा वर्षं झाली की पुढे काय करायचं ह्याचाही विचार आराखड्यात घालावा लागतो, हा इलिनॉयचा नियम. त्याने सांगितलंय, नाटकाचे दिवे करणारा माणूस व्हायचंय. शाळेला मोठं नाट्यगृह आहे. बघू.

आणखी एक गोष्ट, ही खास तुमच्यासाठी. ह्या शाळेत १९८३ साली रिचर्ड डुफोर नावाचे मुख्याध्यापक आले, पुढे ते ह्या शाळेच्या शालेय जिल्ह्याचे (इथे शाळांचा कारभार बघणारा वेगळा जिल्हा असतो) प्रमुख झाले. त्यांचं म्हणणं साधं होतं: मी शिकवलं म्हणून माझं काम संपलं असं नाही, मुलाला आलं का ते बघायचं. एकच विषय शिकवणारे शिक्षक नियमित एकत्र बसतात आणि मुलांनी काय शिकायला हवं, ते आलं हे कसं कळणार, नाही आलं तर काय करायचं आणि ज्याला आधीच येतंय त्याला काय द्यायचं, ह्या चार प्रश्नांवर बोलतात. मागे पडलेल्याला मदत शाळेच्या वेळातच मिळते, घरी शिकवणी लावा म्हणत नाहीत. देशभरचे शिक्षक ही पद्धत बघायला इथे येत आले आहेत. मला ते वाचताना सारखा तुमचाच आवाज ऐकू येत होता. तुम्ही एकटे, साठ पोरांच्या वर्गात, हेच करायचात.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणत नाही. २०१६च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात आपल्याकडेही शिकण्यातली ही अक्षमता आलीय, दहावीला जास्तीचा वेळ आणि सवलती मिळतात. पण आत्ता आणलं तर दोन वर्षांत त्याच्यासमोर दहावीचं बोर्ड. त्याआधी देवनागरी नीट वाचायला शिकायची, आणि मराठी तर तो आजवर माझ्याकडून गोष्टी ऐकण्यापुरतीच ओळखतो. नवा गाव, नवी मुलं आणि ‘अमेरिकेतून आलाय आणि वाचता येत नाही’ हे वर. तो तिथे मोडेल, आई. इथे बोर्ड नाही, चार वर्षांत ठरलेले विषय पूर्ण करायचे, आपल्या गतीने. दहावीत शाळाच गाडी चालवायलाही शिकवते, तीस तास वर्गात आणि सहा तास प्रत्यक्ष रस्त्यावर. तू हे वाचून डोळे मोठे केले असशील. मीही केले.

बंदुकांचं तुम्ही दोघंही विचारणार नाही, पण मनात असणार. २०२२च्या चार जुलैला आमच्याच काउंटीत, हायलँड पार्कला मिरवणुकीवर जो गोळीबार झाला त्या रात्री बाबा झोपले नव्हते, आईने सांगितलंय मला. खोटं नाही सांगत, शाळेत दार बंद करून गप्प बसायचा सराव दरवर्षी होतो, कायद्याने करावाच लागतो. दारं कुलूपबंद असतात, येणाऱ्याचं ओळखपत्र बघतात. भीती पूर्ण जात नाही. रोज बस परत आली की मी खिडकीशी असते, तुम्ही मी सज्जनगडाच्या सहलीहून येईपर्यंत राजवाड्यावर उभे राहायचात तशी.

आता तुमच्याबद्दल. न्हाणीघरात आडवे दांडे बसवायला माणूस येत्या आठवड्यात येईल, पैसे दिलेत, त्याला ‘आम्हाला काय गरज’ म्हणून परत पाठवू नका. इन्व्हर्टरची बॅटरी तोच बदलेल. सुमनमावशी आता दोन्ही वेळ येतील आणि रात्रीच्या भाकरी करून जातील. आई, त्यांच्या मागे उभी राहून परत स्वतः थापायला लागू नकोस, तुझ्या गुडघ्याला डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मला पाठ आहे. बाबा, रक्तदाबाची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नसते. साखर दर तीन महिन्यांनी तपासायची आणि कागदाचा फोटो मला पाठवायचा, ‘ठीक आहे’ असा निरोप नको. गच्चीवर एकट्याने जायचं नाही. पाण्याची टाकी बघायला शेजारचा दादा आहे, त्याच्याशी बोललेय मी. अण्णाकाकांच्या जिन्याचं आपण कुणीच विसरलेलो नाही.

आणि रात्री काही झालं तर मला फोन करा. इथे दिवस असतो. ‘ती कामात असेल’ असं मनाशी ठरवून सकाळपर्यंत थांबायचं नाही. हे मी रागावून लिहितेय.

समीरचाही नमस्कार. तो तुमच्याशी ह्या विषयावर स्वतंत्र बोलणार आहे, बाबा, त्याला फार तासू नका. त्याच्या आईलाही आम्ही हेच सांगितलंय आणि तिथलं वातावरण तुमच्यापेक्षा गरम आहे.

तुमची,
मुक्ता

ता. क. : अद्वैतला डिस्लेक्सियाबद्दल तुम्हाला कळलंय हे मी सांगितलंय. त्याच्याशी बोलताना ‘बिचारा’ हा शब्द नको. बाबांनी त्याला भूमितीतलं एखादं कोडं तोंडी घालावं, तो वाट बघतोय, पण इंग्रजीत घाला, नाहीतर मला दुभाष्या व्हावं लागतं आणि मला उत्तर येत नाही.