किलोमीटरला पैसे घ्या, पण वजन बघून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ब्रिटनमध्ये 2028 च्या एप्रिलपासून इलेक्ट्रिक कारला मैलामागं 3 पेन्स घेणार ही बातमी मी जेवताना घरात मोठ्यानं वाचली, तर बायको म्हणाली, चला, आता तुमची पण मजा संपली. मजा म्हणजे काय, तर मी सोळा महिन्यांपूर्वी पेट्रोलची गाडी विकून इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, फुलेवाडी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी रोज जाऊन-येऊन 28 किलोमीटर, आणि पंपावर आता फक्त हवा भरायला जातो.

काल डिस्प्लेवर 11840 आकडा होता. जुनी गाडी 45 चं ॲव्हरेज द्यायची, म्हणजे 263 लिटर पेट्रोल मी घेतलंच नाही, आणि केंद्राची एक्साइज नि राज्याचा व्हॅट मिळून लिटरला चाळीसेक रुपये धरले तरी सरकारचे माझ्याकडून साडेदहा हजार बुडाले. लाईट बिलात 16 टक्के वीज शुल्क भरतोय म्हणा, पण ते काय रस्त्याच्या नावानं घेत नाहीत. रस्ता मात्र तोच वापरतोय, खड्ड्यांसकट. तेव्हा उद्या किलोमीटरचे पैसे मागितले तर मी कुरकुर करणार नाही, हे आधीच लिहून देतो, कंपनीतली पोरं शिव्या घालतील तर घालू देत.

पण कोल्हापुरात रस्त्याचे पैसे हा विषय जपून काढायचा असतोय. शहरातल्या रस्त्यांच्या टोलविरोधात शेकापचे नेते एन. डी. पाटील सरांच्या मागं अख्खं गाव रस्त्यावर आलं होतं, 2015 च्या डिसेंबरात टोल रद्दची घोषणा झाली तेव्हा कुठं शांत झालं. लोकांचा राग नुसत्या पैशावर नव्हता, रस्ता अर्धवट आणि पावती पूर्ण, ह्याच्यावर होता.

न्यूझीलंडमध्ये किलोमीटरचे पैसे घेणं जुनंच आहे, डिझेल गाड्यांना 1978 पासून आणि इलेक्ट्रिक कारना 1 एप्रिल 2024 पासून. हजार हजार किलोमीटरचं लायसन आधी विकत घ्यायचं, मोबाईल रिचार्ज मारल्यासारखं, साध्या इलेक्ट्रिक कारला हजार किलोमीटरला तिथले 76 डॉलर, आणि अवजड गाडीला वजन नि ॲक्सल, म्हणजे चाकांचे आस किती, ते बघून रेट चढत जातोय. मला पटलं ते हे. ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान साधारण सोळापट होतं असं इंजिनिअर लोक धरतात, आणि आपल्याकडं ते बघायला पुस्तक नको, ऊस हंगामात डबल ट्रॉलीच्या ट्रॅक्टरमागून एकदा गाडी चालवून बघा, चाकाच्या रेषेत डांबर कसं दबून बाजूला फुगलंय ते दिसतंय, आणि आमची स्कूटर त्याच फुगवट्यावरून घसरती. मी स्वतः ऊस लावणाऱ्या घरातला आहे, तरी म्हणतो, सव्वाशे किलोच्या स्कूटरला आणि त्या धुडाला एकाच हिशोबानं धरू नका.

दुसरं म्हणजे, पेट्रोलवाला पंपावर भरतोयच, त्याला वरून परत किलोमीटर लावायचा नाही. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये 2015 पासून स्वखुशीची स्कीम आहे, तिथं मैलाचे पैसे लावताना पंपावर भरलेला टॅक्स वजा करून देतात. आपल्याकडं एवढं केलं तरी लई झालं. आणि पेट्रोल स्वस्त म्हणून कागलच्या पुढं कर्नाटकात जाऊन टाकी फुल्ल करणाऱ्यांचं काय, तो हिशोब ज्याचा त्यानं करावा, मी बोलत नाही.

सॅटेलाईटवरून मोजायचं म्हणाल तर हायवेच्या टोलसाठी तसा नियम 2024 च्या सप्टेंबरात आलाय, दिवसाला एका दिशेला 20 किलोमीटरपर्यंत फ्री. हायवेला ठीक आहे. पण मी रंकाळ्यावर किती वाजता भेळ खाल्ली हे सरकारला कशाला कळायला पाहिजे, वर्षातून एकदा इन्शुरन्स काढताना मीटरचा आकडा लिहून घ्या, बास झालं.

फक्त त्या मीटरचं काय करायचं ते आधी ठरवा. गेल्या पावसाळ्यात मेव्हण्याच्या स्कूटरचा डिस्प्ले पाणी जाऊन बंद पडला, वॉरंटीत बदलून मिळाला, चालू करून बघतोय तर किलोमीटर शून्य. आधीच्या पाच हजाराची नोंद कुठं केली म्हणून विचारलं, तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, कशाला पाहिजे काका, विकताना चांगला रेट येईल की.

आपला,
एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर