बेटावरच्या सहलीलाही स्वेटर हवा

महोदय,

गेल्या जानेवारीत बहात्तर वर्षांच्या आईला घेऊन मी मुंबईतील एका सहल कंपनीबरोबर श्रीलंकेला गेलो होतो. निघण्यापूर्वी मिळालेल्या सूचनापत्रकात कपड्यांविषयी एकच ओळ होती : ‘हवामान उष्ण व दमट असल्याने हलके सुती कपडे घ्यावेत.’ कोलंबोपुरती ही सूचना योग्यच आहे. मात्र त्याच पत्रकातील कार्यक्रमात नुवारा एलियाचे दोन मुक्काम होते आणि तेथील थंडीचा त्यात साधा उल्लेखही नव्हता.

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. नुवारा एलिया हे अख्खे शहर १,८६८ मीटरवर वसलेले आहे आणि त्याच्याजवळचे हॉर्टन प्लेन्सचे पठार तर २,१०० मीटरच्या आसपास आहे. हजार मीटर वर चढले की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे सकाळी कोलंबोत घामाने निथळणारा प्रवासी त्याच संध्याकाळी येथे कुडकुडू लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि एखाद्या पहाटे गवतावरचे दवही गोठते.

हॉर्टन प्लेन्सला पहाटेच निघावे लागते, कारण तेथील ‘वर्ल्ड्स एंड’ हा प्रसिद्ध कडा नऊ-दहानंतर बहुतेक वेळा ढगांत बुडून जातो. आम्ही पाच वाजता जीपमध्ये बसलो तेव्हा आईच्या अंगावर सुती साडी होती. तिने पदर दोन्ही कानांवरून ओढून घेतला होता, हात काखेत दडवले होते आणि दात वाजू नयेत म्हणून ओठ घट्ट मिटले होते. चालकाने न मागता स्वतःचे जाकीट काढून तिच्या खांद्यावर घातले. कड्यापर्यंतची पायपीट आम्ही केलीच नाही. दुपारी नुवारा एलियाच्या बाजारात तिच्यासाठी जाकीट घेतले, पण ते चोवीस तास आधी हवे होते.

यासाठी जाडजूड कोट न्यावा लागत नाही. आतून अंगाला बसणारे बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा, वर स्वेटर आणि वारा अडवणारे पातळ जाकीट असे एकावर एक घातले, की ऊन चढेल तसे एकेक काढता येते. कानटोपी आणि पायमोजे तर मुठीत मावतात. मुंबईच्या घरांत स्वेटर नसतो हे खरे, परंतु हिवाळ्यात परळला तिबेटी विक्रेत्यांकडे तो सहज मिळतो. सोबत एखादी शाल घेतली तर ती कँडीतील दंतमंदिरातही (बुद्धांचा दंतावशेष जपलेल्या मंदिरातही) उपयोगी पडते, कारण तेथे खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात.

पावसाचेही तसेच आहे. महाबळेश्वरी कोसळणारा पाऊस वीस किलोमीटरवरच्या पाचगणीत निम्म्याहूनही कमी होतो, हे आपण जाणतो. श्रीलंकेतही मधले डोंगर तेच करतात. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस कोलंबो, गॉल आणि पश्चिमेकडील उतार भिजवतो, तेव्हा पूर्वेकडील त्रिंकोमाली बव्हंशी कोरडे असते. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येचा पाऊस पूर्व किनाऱ्यावर येतो. पावसाळी भागात जीन्स नेऊ नये, ती एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही.

माझी सहल कंपन्यांना विनंती आहे की, त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक मुक्कामासमोर त्या ठिकाणाची उंची आणि त्या महिन्यातील रात्रीचे तापमान छापावे. ज्येष्ठ नागरिकांच्या सहलींसाठी तरी हे तातडीने व्हावे. आपल्या पर्यटनविषयक पुरवणीतील लेखांतही ही दोन आकड्यांची माहिती दिली जावी.

– एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई