काच आतून पण पुसा हो

मा. संपादक, सप्रेम नमस्कार

पावसाळा आला की पेपरात टायर, ब्रेक, वायपर यावर बरंच छापून येतं आणि ते चांगलंच आहे, पण गाडीच्या आतल्या काचा आणि सीट यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

समोरची काच बाहेरून सगळेच धुतात, आतून कोण पुसतं? गाडी उन्हात तापली की डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून जे काही सुटतं ते काचेला आतून लागून तेलकट थर बसतो, त्यात धूळ, आपला श्वास, कोणी सिगरेट ओढत असेल तर तो धूर. दिवसा कळत पण नाही. रात्री कुंभार्ली घाटात समोरच्या ट्रकने अप्पर (हेडलाइटचा लांबचा झोत) मारला की अख्खी काच पांढरी होते, वळण कुठंय तेच दिसत नाही, आणि अशा काचेवर वाफही पटकन धरते. मग लोक हाताने पुसतात, म्हणजे हाताचं तेल परत काचेवरच. त्यापेक्षा एसी लावा, ब्लोअर समोरच्या काचेवर घ्या आणि बाहेरची हवा आत येऊ द्या, एसी हवेतला ओलावा ओढून घेतो. पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आत यायलाच पाहिजे असा नियम आहे, काळ्या फिल्मवर पोलीस कारवाई करतात ते योग्यच आहे, पण या तेलकट थराचं काय?

खरा राग वॉशिंग सेंटरच्या फडक्याचा आहे. ज्या फडक्याने डॅशबोर्डला सिलिकॉनचं पॉलिश मारलं त्यानेच काच पुसतात!! काचेला स्वच्छ मायक्रोफायबरचे दोन कपडे लागतात, एक ओलसर आणि एक कोरडा, आणि क्लीनर कपड्यावर मारायचा, काचेवर नाही. आतून उभं पुसा बाहेरून आडवं, मग ओघळ राहिला तर कुठल्या बाजूला आहे ते लगेच समजतं. फिल्म लावलेली असेल तर अमोनियावाला स्प्रे वापरू नका, फिल्म खराब होते. मागच्या काचेवर डीफॉगरच्या (काच तापवून वाफ घालवणाऱ्या तारांच्या) रेघा असतात तिथं कपडा रेघांच्या दिशेनेच फिरवा. आणि ते चकचकीत पॉलिश स्टिअरिंगला किंवा पेडलला लावू देऊच नका, पाय सटकतो.

आता सीट. आपल्याकडं लेदर म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा रेक्झिनच असतं, कडेला उलटून बघा, आतून कापड दिसलं तर रेक्झिन, खरं चामडं आतून लवेसारखं असतं. खऱ्या लेदरवर पण कंपनीने रंग आणि वरून कोटिंग दिलेलं असतं त्यामुळं खोबरेल तेल चोळून ते आत मुरत नाही, वरच राहतं आणि धूळ धरतं. फक्त सौम्य साबणाचा फेस, मऊ ब्रश आणि लगेच कोरडा कपडा. हवा खेळायला बारीक भोकं ठेवलेल्या सीटवर पाणी ओतू नका. हेडरेस्टला केसांचं तेल आणि फिकट सीटला नव्या जीन्सचा निळा रंग लागतो, ते त्याच आठवड्यात पुसलं तर निघतं, नंतर नाही.

कोकणात तर बुरशी ठरलेलीच. बंद गाडीत कोरडी झटकू नका, सगळी आत उडते. दारं उघडून ओलसर कपड्याने पुसा, सावलीत वाऱ्याला सुकवा आणि मॅट उचलून खालचं कार्पेट ओलं आहे का बघा, मूळ बहुतेक वेळा तिथंच सापडतं. शिवाय सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर बाजारातलं घट्ट लेदर कव्हर चढवू नका, एअरबॅग उघडायची शिवण त्याखाली दाबली जाते, हे दुकानदार स्वतःहून सांगत नाहीत आणि याचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

आपल्या पेपरने यावर मेकॅनिक लोकांशी बोलून एक नीट लेख द्यावा ही विनंती. आणि वॉशिंग सेंटरवाल्यांना एवढंच सांगणं, काचेचा फडका वेगळा ठेवा आणि पॉलिश मारायच्या आधी गाडीवाल्याला विचारा.

आपला नियमित वाचक,
चिपळूण