विकिपीडियावरचे पान आणि वर्तमानपत्रांची जबाबदारी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने पुण्यातील महाविद्यालयांत आणि ग्रंथालयांत मराठी विकिपीडियावर लेखन करण्याच्या कार्यशाळा भरतात, ही आनंदाची गोष्ट आहे. तेथे नवे सदस्य उत्साहाने खाते उघडतात. मात्र त्यांतील अनेक जण पहिलाच लेख लिहायला घेतात तो आपल्या प्राध्यापकांवर, आपल्या संस्थेवर, आजोबांच्या कवितासंग्रहावर किंवा आपण ज्याचे पदाधिकारी आहोत त्या मंडळावर. पुढे त्या पानावर ते काढून टाकण्याची सूचना लागते, पान जाते आणि मराठी माणसेच मराठी माणसांची पाने काढतात अशी तक्रार सुरू होते. मराठी विकिपीडियावर संपादन करणारा एक सदस्य या नात्याने या तक्रारीविषयी मी वर्तमानपत्राकडे लिहीत आहे, कारण तिचा एक धागा थेट वर्तमानपत्रांपर्यंत येतो.

ज्या शहरातून केतकरांचा ज्ञानकोश आणि महादेवशास्त्री जोशींचा संस्कृतिकोश निघाला, त्या शहराला कोशात कोणती नोंद असावी आणि कोणती नसावी हा प्रश्न नवा नाही. त्या कोशांना संपादक होते आणि निवडीचा अधिकार व जबाबदारी त्यांची होती. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला असा एक संपादक नाही. तेथे कोणीही लिहू शकतो, त्यामुळे निवडीचे काम माणसाऐवजी नियमाला करावे लागते. उल्लेखनीयतेचा नियम थोडक्यात असा, की त्या विषयाशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह प्रकाशनांनी त्याची पुरेशा विस्ताराने दखल घेतलेली असावी. माणूस किती मोठा, किती सज्जन किंवा किती उपयोगी, याचा निवाडा येथे होत नाही. म्हणूनच ‘सरांना सगळे पुणे ओळखते’ हे उत्तर चर्चा पानावर कितीही कळकळीने लिहिले तरी चालत नाही.

नवे सदस्य पुरावा म्हणून काय आणतात ते पाहण्यासारखे असते. अमृतमहोत्सवाची स्मरणिका, षष्ट्यब्दीनिमित्त शिष्यांनी काढलेला गौरवग्रंथ, संस्थेच्या संकेतस्थळावरील परिचय, सत्कार समारंभाची निमंत्रणपत्रिका, पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर. यांतले काहीही खोटे असते असे नाही, पण ते सारे घरचे असते. जन्मवर्ष किंवा शिक्षण यांसारख्या साध्या तपशिलासाठी गौरवग्रंथाचा आधार चालू शकेल, उल्लेखनीयता मात्र त्याने ठरत नाही, कारण ज्यांनी तो काढला त्यांना गौरवच करायचा होता. मुलाखतीचेही बहुतांशी तसेच, कारण तिच्यात माणूस स्वतःविषयी स्वतःच बोलत असतो. इंग्रजी विकिपीडियावर पान आहे म्हणून मराठीत असायलाच हवे, हा युक्तिवादही टिकत नाही, कारण प्रत्येक भाषेतील विकिपीडिया आपले संकेत स्वतः ठरवतो.

दुसरा नियम हितसंबंधांचा. तो पैशापुरताच आहे असा समज सर्रास आढळतो. पगार घेऊन आपल्या कंपनीचे पान लिहिणारा कर्मचारी त्यात येतोच, पण विनामोबदला लिहिणारी सून, पट्टशिष्य, भागीदार आणि विश्वस्तही येतात. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने आपला मालक किंवा ग्राहक कोण हे जाहीर केलेच पाहिजे, अशी अट विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेच्या वापरअटींत जून २०१४ पासून आहे. इतरांनीही आपला संबंध सदस्य पानावर नोंदवावा, लेखात स्वतः हात न घालता त्याच्या चर्चा पानावर संदर्भासह सूचना लिहावी आणि भर घालायची की नाही ते त्रयस्थ संपादकावर सोडावे, अशी अपेक्षा असते. यात कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेतलेली नाही. मुलाच्या उत्तरपत्रिका आईवडिलांकडे तपासायला देत नाहीत, तेव्हा त्यांना कोणी अप्रामाणिक ठरवत नसतो.

हे पहिल्या दिवशी सांगितले जात नाही, हा दोष नवख्यांचा नाही. कार्यशाळेत टंकलेखन, दुवे आणि छायाचित्रे चढवणे शिकवण्यातच वेळ संपतो, शेवटी किती लेख तयार झाले याची घोषणा होते आणि प्रमाणपत्रे वाटली जातात. संख्येच्या मागे लागल्यावर काय होते हे पुण्याने २०११ साली पाहिले आहे. त्या वर्षी येथील काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियावर लिहिण्याचा उपक्रम अभ्यासक्रमाशी जोडून मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. विद्यार्थ्यांनी इतका उचललेला मजकूर टाकला की जगभरचे स्वयंसेवक तो काढत बसले आणि वर्ष संपण्यापूर्वीच उपक्रम थांबवावा लागला. तेथे प्रश्न प्रताधिकाराचा होता, उल्लेखनीयतेचा नव्हता, परंतु कारण तेच होते. लेखणी आधी हाती दिली गेली आणि नियम नंतर सांगितले गेले. आयोजकांनी नव्या सदस्याला पहिल्या दिवशी नवा लेख लिहायला न लावता धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठी राखलेल्या पानावर, सराव करू द्यावा, मग एखाद्या जुन्या लेखातील ‘संदर्भ हवा’ अशी खूण असलेले एखादे वाक्य घेऊन त्याचा संदर्भ शोधायला लावावे. त्या एका वाक्यामागे पुणे मराठी ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात एक दुपार घालवलेल्या विद्यार्थ्याला स्वतंत्र संदर्भ कशाला म्हणतात हे भाषण न ऐकताही कळेल. संदर्भ आंतरजालावरच असला पाहिजे, अशी अट नाही. वर्तमानपत्राचे नाव, दिनांक आणि पृष्ठ क्रमांक दिला तरी पुरते. ही सवलत कार्यशाळांत फारशी सांगितली जात नाही याचे मला नवल वाटते.

नियम ठाऊक नसल्याचा फायदा घेणारेही आहेत. ठरावीक रकमेत ‘विकिपीडियावर पान करून देतो’ असे सांगणारे लोक लेखकांना, डॉक्टरांना आणि लहान उद्योजकांना गाठतात. इंग्रजी विकिपीडियावर २०१५ मध्ये अशा एका टोळीची ३८१ खाती बंद करण्यात आली. ज्यांचे मसुदे नाकारले गेले होते त्यांनाच गाठून पान प्रसिद्ध करण्याचे पैसे घ्यायचे आणि पुढे ते ‘सांभाळण्याचे’ वेगळे मागायचे, अशी त्या टोळीची पद्धत होती. विकिपीडियाचे प्रचालक, म्हणजे पाने काढण्याचे अधिकार असलेले सदस्य, पान ठेवण्यासाठी पैसे घेत नाहीत. शिवाय पान म्हणजे मानपत्र नव्हे. उद्या कोणी विश्वासार्ह संदर्भ देऊन त्यात प्रतिकूल मजकूर घातला, तर ज्याच्यावर ते पान आहे त्याला केवळ न आवडल्यामुळे तो पुसता येत नाही.

आता नियमावरील खरा आक्षेप. ज्यांची दखल छापील माध्यमांनी कधी घेतलीच नाही, त्यांचे काय? कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील मसुदा मे २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने संदर्भ अपुरे म्हणून परत पाठवला आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्या दिवसापर्यंत त्यांचे पान नव्हते. विकिपीडियावर तेव्हा बरीच टीका झाली आणि ती अगदीच गैर नव्हती, पण इतक्या मोठ्या संशोधकाविषयी तोवर वर्तमानपत्रांनी आणि मासिकांनी किती लिहिले होते, हाही प्रश्न त्याच वेळी पुढे आला. मराठीत ही उणीव अधिक तीव्र आहे. तमाशातील वादक, ग्रामीण भागातील शिक्षिका, बोलींचे अभ्यासक यांच्याविषयी कोणा त्रयस्थाने सविस्तर लिहिलेले सापडणे कठीण जाते. नियम सैल करून ही उणीव भरणार नाही. नियम सैल झाला की त्याचा पहिला लाभ ज्यांच्याकडे प्रसिद्धीची यंत्रणा आहे त्यांना होईल आणि तमाशातील वादक पुन्हा रांगेत मागेच राहील. त्यांच्यावर कोणीतरी आधी लिहिले पाहिजे, आणि ते काम विकिपीडियाचे नाही.

येथे वर्तमानपत्रांचा संबंध येतो. संस्थेने पाठवलेले पत्रक जसेच्या तसे ‘प्रतिनिधी’ या नावाखाली छापले जाते, तेव्हा नव्या सदस्याला तो स्वतंत्र संदर्भ वाटतो आणि अनुभवी संपादक तो नाकारतो. दोघांत वाद होतो आणि त्याचे मूळ छापखान्यात असते. ‘यशोगाथा’ किंवा ‘विशेष पुरवणी’ अशा मथळ्याखाली येणारा पुरस्कृत मजकूर तर नेहमीच्या वाचकालाही ओळखू येत नाही. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांविषयी २००९ च्या निवडणुकांनंतर गदारोळ झाला आणि भारतीय प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये त्यावर अहवालही काढला. पण पुरवण्यांतील मजकुराची सरमिसळ चालूच राहिली. परिणाम असा, की भारतीय वृत्तपत्रांतील पुरस्कृत मजकुराबाबत सावध राहावे, अशी वेगळी सूचनाच इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी नोंदवून ठेवली आहे. मेहनतीने केलेल्या खऱ्या वार्तांकनावरही त्यामुळे संशयाची छाया पडते, हे वार्ताहरांवर अन्यायाचे आहे.

म्हणून वर्तमानपत्रांना माझ्या तीन विनंत्या आहेत. पुरस्कृत मजकुरावर तसे ठळक अक्षरांत आणि मराठीत छापावे. पत्रकावरून दिलेल्या बातमीत ‘संस्थेने कळविले आहे’ एवढे तरी असावे. आणि जुन्या अंकांचे संग्रह, निदान जिल्हा आवृत्त्यांचे, ग्रंथालयांतून वाचकांना पाहायला मिळावेत, कारण आंतरजालावरील जुन्या बातम्यांचे दुवे संकेतस्थळ बदलले की तुटतात आणि त्यांच्या आधारावर उभे असलेले लेखही मग संदर्भहीन ठरतात. यांतील पहिल्या दोन गोष्टींना खर्च नाही. तिसरीला आहे, पण तिची सुरुवात पुणे आवृत्तीच्या गेल्या दहा वर्षांच्या अंकांपासून करता येईल आणि त्यांची सूची तयार करण्याच्या कामात हात लावायला आमच्यापैकी काही विकिसंपादक तयार आहेत.

आपला,
एक विकिसंपादक,
सहकारनगर, पुणे